पोहताना कानात पाणी जातं, कोणते प्लग घ्यावेत?

तुमची अडचण थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. वय ४२, रोज सकाळी तासभर २५ मीटरच्या टँकमध्ये फ्रीस्टाइल. गेल्या पावसाळ्यात उजव्या कानात बुरशी झाली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कान साफ करून औषध दिलं, पडदा शाबूत आहे म्हणाले, आणि आता पोहायला हरकत नाही पण कानात पाणी जाऊ देऊ नका असं सांगितलं. तुम्ही ऑनलाइन तीन चकत्यांचे, म्हणजे दांडीवर एकामागे एक तीन गोल चकत्या असलेले, नळीत बसणारे रबरी प्लग मागवले. पहिल्या काही लेंथ (टँकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या फेऱ्या) ठीक जातात, मग उजवा प्लग सैल होतो, आणि टँकमधून बाहेर येईपर्यंत त्या कानाला दडा बसलेला असतो. आता महागातले प्लग घ्यायचे, की कानाच्या मापाचे करून घ्यायचे, असं विचारलंत.

मी ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. श्रवणयंत्रासाठी आणि पोहणाऱ्यांसाठी कानाचे साचे घेणं हे माझं रोजचं काम, आणि स्वतः पोहायलाही जाते. उत्तर आधी देते, कारणं मागून. मापाच्या प्लगवर लगेच खर्च करू नका. मऊ सिलिकॉनच्या गोळ्या मिळतात, त्या नळीत न खुपसता कानाच्या तोंडावर लिंपायच्या असतात. त्या घ्या, खाली लिहिलंय तशा लावा आणि दोन आठवडे वापरून बघा. तरीही उजवा कान ओला निघाला तर मापाचे करून घ्या. चकत्यांचे प्लग मात्र कितीही महाग घेतलेत तरी तुमच्या कानात हेच होण्याची शक्यता जास्त आहे.

का, ते घरबसल्या तपासता येतं. करंगळीचं टोक कानाच्या तोंडात अलगद ठेवा आणि तोंड पूर्ण उघडा, मिटा, जबडा डावीउजवीकडे हलवा. बोटाला नळीची पुढची भिंत सरकताना जाणवेल. जबड्याचा सांधा कानाच्या नळीला अगदी लागून असतो. तोंड उघडलं की सांध्याचं टोक पुढे जातं आणि नळीचा बाहेरचा, कूर्चेचा भाग रुंदावतो. काहींच्या कानात हा फरक जेमतेम कळतो, काहींच्या कानात भरपूर, आणि एकाच माणसाच्या दोन कानांतही तो सारखा नसतो. फ्रीस्टाइलमध्ये श्वास घेताना आपण दर वेळी तोंड चांगलं उघडतो. एका लेंथला आठ-दहा श्वास धरले तर तासाभरात शेकडो वेळा नळीचा आकार बदलतो, आणि आत बसवलेला प्लग दर वेळी कणभर सरकतो. शिवाय श्वासासाठी डोकं वळलं की एक कान पाण्याबाहेर येतो आणि परत आत जातो, टंबल टर्न (भिंतीशी कोलांटी घेऊन वळणं) मारत असाल तर पाण्याचा झोत कानाच्या तोंडावर येतो. प्लगचं मापच लहान असतं तर पहिल्याच लेंथला पाणी गेलं असतं. तुमचा प्लग काही लेंथनंतर दगा देतो, म्हणून मला जबड्याचा संशय जास्त येतो.

मग आणखी मोठ्या मापाचा, घट्ट बसणारा घेतला तर? कृपा करून घेऊ नका, बुरशी होऊन गेलेल्या कानात तर मुळीच नाही. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, त्यावर बारीक केस आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा, आणि त्यावरची त्वचा फार पातळ. कानातला मळ किंचित आम्लधर्मी असतो, पाणी दूर ठेवतो, जंतूंना आणि बुरशीला सहज वाढू देत नाही. रोज तासभर पाण्यात राहिलं की हा थर धुऊन जातो, त्वचा भिजून फुगते, खाज सुटते, आपण काडी किंवा इअरबड घालतो, त्वचेला ओरखडा जातो आणि संसर्गाला दार उघडतं. घट्ट प्लग दर श्वासाला घासत राहिला तर नेमका असाच ओरखडा तोच तयार करतो. पोहणाऱ्यांच्या कानदुखीत प्लगनं सोललेली त्वचा मला वारंवार दिसते.

दुकानात बरेच प्रकार समोर येतात. पिवळे-केशरी फोमचे प्लग आवाज अडवायला असतात. फोम पाणी शोषतो, त्यामुळे टँकसाठी ते बाद. व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा अंघोळीपुरता ठीक, लॅप मारायला अजिबात नाही. मेणाचे प्लग हाताच्या उबेनं मऊ करून बसवतात, पण थंड पाण्यात ते कडक होतात आणि केसांना चिकटतात. चकत्यांचे प्लग लावायला-काढायला सोपे आणि टिकाऊ असतात. ज्यांच्या नळ्या सरळ आहेत आणि जबड्यानं फार हलत नाहीत, त्यांना ते वर्षानुवर्षं उत्तम चालतात. स्पीडो, अरीना, डेकॅथलॉनची नबाईजी, सगळ्यांकडे या धर्तीचे प्लग मिळतात. राहिल्या सिलिकॉनच्या गोळ्या. मॅक्स या अमेरिकी कंपनीच्या सर्वांत जुन्या आणि ओळखीच्या, पण इतरांच्याही चालतात. पाकिटावर ‘मोल्डेबल सिलिकॉन’ आणि पोहण्यासाठी असं लिहिलेलं हवं. काहीशे रुपयांत चार-सहा जोड्या येतात. एक जोडी काही वेळाच वापरायची असते. कचरा चिकटून चिकटपणा गेला की टाकून द्यायची.

आता लावण्याची पद्धत, कारण गोळ्या गळतात अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांची गडबड इथेच असते. शॉवर घेण्याआधी, कोरड्या कानाला, कोरड्या हातांनी लावायची. रात्री केसांना तेल लावलं असेल तर कानाची पाळी आणि कानाची वाटी, म्हणजे नळीच्या तोंडाभोवतीचा खोलगट भाग, कोरड्या नॅपकिननं नीट पुसून घ्या. तेलकट त्वचेवर सिलिकॉन धरत नाही. केस मागे बांधा, एक जरी बट गोळीखाली आली तरी तिच्याकडेनं पाणी झिरपतं. कानात कुड्या असतील किंवा वरच्या कडेला बुगडी असेल तर काढून ठेवा, कॅप चढवताना गोळी त्यात अडकून उचकटते.

गोळी दोन्ही तळव्यांत फिरवून गोल आणि मऊ करा. कंपन्या अख्खी गोळी वापरा असं सांगतात ते खरं आहे. अर्धी केलीत तर ती आत सरकण्याची भीती असते. लांबट गुंडाळी करून नळीत घालू नका. गोल गोळी नळीच्या तोंडावर ठेवा, आणि मधून बाहेर पसरवत वाटी भरून टाका. कानाच्या पुढची ती छोटी लुसलुशीत उंचवटी असते ना, तिच्या आतल्या बाजूपर्यंत पोचली पाहिजे. मग करंजीची कड दाबतो तशी चहूबाजूनं कड बोटानं दाबत जा. झालं की तोंड मोठं उघडा, जांभई दिल्यासारखं, पाच-सहा वेळा, आणि कड पुन्हा एकदा दाबा. ही शेवटची पायरी फार थोडे लोक करतात, आणि तुमच्यासाठी तीच महत्त्वाची आहे. गोळी वाटीला धरून राहते, नळीला नाही, म्हणून जबडा हलला तरी तिला फारसा फरक पडत नाही.

बसली की नाही हे ओळखायला ओठ मिटून ‘म्म्म’ असा सूर धरा. दोन्ही कानांत आवाज सारखा घुमला पाहिजे. एका बाजूला कमी घुमत असेल तर तिकडे फट आहे. मग आधी उथळ भागात उभं राहून डोकं पाण्यात घालून बघा, लगेच लॅप सुरू करू नका.

वरून सिलिकॉनची कॅप कानावर ओढून घ्या. कॅपनं पाणी अडत नाही, कानाशी ती कधीच पूर्ण बंद नसते, पण ती गोळीला जागेवर धरते. गॉगलचा पट्टा कानाच्या वरच्या बाजूनं, कानाला न लागता जाऊ द्या. कानावरून गेला तर वळताना तोच गोळीची कड उचलतो.

टँकमधून आल्यावर आधी डोकं आणि चेहरा पुसा, मग गोळी काढा. ओल्या केसांचं पाणी उघड्या कानात ओघळतं आणि तासभराची राखण वाया जाते. कानामागे वरच्या दिशेनं दाबलं की कड सुटते, मग हळूच सोलून काढायची. चकत्यांचा प्लग असेल तर पिळत पिळत काढायचा, झटक्यानं ओढला तर आत पोकळी होऊन पडद्याला ताण बसतो. दडा बसल्यासारखं वाटलं तर तो कान खाली करून डोकं कलतं करा आणि पाळी वर आणि मागे ओढा, म्हणजे वाकडी नळी सरळ होते आणि पाणी निघतं. हेअर ड्रायर मंद आणि जेमतेम कोमट ठेवून, हातभर अंतरावरून, अर्धा-एक मिनिट. इअरबड नको, रुमालाची सुरळी नको, हेअरपिन तर नकोच.

व्हिनेगर आणि स्पिरिट (रबिंग अल्कोहोल) सम प्रमाणात मिसळून पोहल्यानंतर दोन थेंब घालण्याची पद्धत पोहणाऱ्यांत आहे. स्पिरिटनं ओल लवकर उडते आणि व्हिनेगरनं नळी पुन्हा आम्लधर्मी होते, त्यामुळे त्यात तथ्य आहे. पण पडद्याला छिद्र असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल किंवा नळीची त्वचा सोललेली असेल तर हे थेंब भयंकर झोंबतात आणि आत अपायही करू शकतात. तुमचा पडदा शाबूत आहे, तरी बुरशी होऊन गेल्यामुळे डॉक्टरांना विचारूनच घाला.

खोबरेलाबद्दल वेगळं सांगते, कारण आपल्याकडे ‘पोहायच्या आधी कानात दोन थेंब तेल सोड’ हा सल्ला घरातली वडीलधारी माणसं प्रेमानं देतात. भोपळा किंवा पांगारा पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या पिढीचा हा सल्ला आहे. तुमच्या कानात तेल घालू नका. नळीत तेल राहिलं की ओल आणि कचरा त्यात धरून राहतो, आणि बुरशीला उबदार, ओली जागाच लागते. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत अस्परजिलस बुरशी कानात सहज रुजते. आधी खाज, मग दडा, आणि तपासलं तर काळे ठिपके असलेला करडा लगदा दिसतो. त्यावर उरलेले अँटिबायोटिक थेंब आपलेआपण घातले तर बुरशी जास्तच माजते, कारण तिला आवरणारे जंतू मरतात. खाज पुन्हा सुरू झाली तर थेंब शोधत बसू नका, कान साफ करून घ्या. बुरशीच्या उपचारात औषधाइतकंच महत्त्व नीट सफाईला आहे.

याच कारणानं आजारपणाच्या आधी वापरलेले प्लग, ते ठेवायची डबी, सगळं टाकून द्या. नवे चकत्यांचे किंवा मापाचे प्लग रोज साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण सुकल्यावरच डबीत ठेवायचे. गोळ्या धुतल्या तर चिकटपणा जातो, त्या फक्त स्वच्छ, कोरड्या डबीत ठेवायच्या. आणि पोहण्याच्या बॅगेत ओल्या कॉस्च्यूमला चिकटून प्लगची डबी ठेवू नका.

एक शक्यता अजून तपासून घ्या: मळ. नळीत मळाचा खडा असेल तर पाणी लागल्यावर तो फुगतो आणि कान अचानक बंद होतो. आपल्याला वाटतं पाणी अडकलंय. तुमचा कान मागच्या वर्षी साफ केलेला आहे, पण चकत्यांचा प्लग रोज आत ढकलला की मळही आत लोटला जातो. पाणी असेल तर डोकं हलवल्यावर आत खळखळ जाणवते आणि बहुधा काही तासांत कान मोकळा होतो. दोन दिवस दडा तसाच राहिला तर डॉक्टरांकडून नळी बघून घ्या.

फक्त उजव्या कानात प्लग लावला तर चालेल का, हेही तुम्ही विचारलंत. कोमट टँकमध्ये चालेल. पाणी गार असेल तर दोन्ही कानांना लावा. एकाच कानात गार पाणी शिरलं तर आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला दोन बाजूंनी वेगवेगळा इशारा मिळतो आणि क्षणभर गरगरतं. तसं झालंच तर लेनचा दोर धरून थांबा, काही वेळात ओसरतं. प्लग लावल्यावर शिट्टी आणि हाक कमी ऐकू येते, तेव्हा जीवरक्षकाला आणि लेनमधल्या सोबत्यांना सांगून ठेवा.

आता मापाच्या प्लगबद्दल. गोळी नीट लावूनही उजवा कान दोन आठवड्यांत वारंवार ओला निघाला, किंवा रोज गोळी लिंपायचा कंटाळा येऊन तुम्ही ती टाळायला लागलात, तर हा खर्च योग्य आहे. जोडीला काही हजार रुपये पडतात आणि मोठ्या माणसाला ती काही वर्षं पुरते. साचा घेताना आधी दुर्बिणीनं नळी बघतात. मळ असेल तर तो काढल्याशिवाय, आणि त्वचा लाल किंवा सुजलेली असेल तर ती बरी झाल्याशिवाय साचा घ्यायचा नसतो. मग दोरा बांधलेला स्पंजचा छोटा तुकडा नळीत बसवतात, म्हणजे सिलिकॉन पडद्याकडे जात नाही. पिचकारीनं सिलिकॉन भरलं की ते घट्ट होईपर्यंत चार-पाच मिनिटं थांबावं लागतं.

इथे तुम्ही बोलायचं. साचा घेणाऱ्याला स्पष्ट सांगा की प्लग फ्रीस्टाइलसाठी हवा आहे, तोंड उघडं ठेवून साचा घ्या. दातांत ठोकळा धरून तोंड उघडं ठेवतात, किंवा सिलिकॉन ओलं असताना जबडा उघड-मीट करायला लावतात. तोंड मिटून घेतलेल्या साच्याचा प्लग खुर्चीत बसल्यावर अगदी घट्ट वाटतो आणि टँकमध्ये पहिल्या श्वासाला फट पडते. श्रवणयंत्राचे साचे घेणाऱ्या अनेक ठिकाणी सवयीनं तोंड मिटूनच साचा घेतात, म्हणून आठवण करून द्यायला संकोचू नका. साचा बाहेर आल्यावर बघायला मागा. वाटीचा पूर्ण ठसा हवा, नळीचं पहिलं वळण आणि दुसऱ्या वळणाची सुरुवात स्पष्ट हवी, कुठे बुडबुडा किंवा खळगा नको. प्लग मऊ सिलिकॉनचा, पाण्यावर तरंगणारा आणि भडक रंगाचा मागा, नाहीतर टँकच्या तळाशी शोधत बसावं लागतं. आमच्या कामात उजव्यासाठी लाल आणि डाव्यासाठी निळी खूण असते, ती घालून घ्या.

ऑनलाइन दोन पुड्या मिसळून घरीच कानात भरायचे संच मिळतात. त्यांच्या नादी लागू नका. नळी बघायला कोणी नसतं, आड धरायला स्पंज नसतो, आणि ते मिश्रण आत जाऊन घट्ट झालं तर काढायला भूल द्यावी लागू शकते.

तुमच्या प्रश्नाबाहेरची दोन-तीन माणसंही हे वाचतील, त्यांच्यासाठी. लहान मुलांना गोळी स्वतः लावू देऊ नका, ती नळीत खोल ढकलतात. पालकांनी लावावी आणि वरून निओप्रीनचा (मऊ रबरी कापडाचा) कानपट्टा बांधावा. मुलांचे मापाचे प्लग साधारण दरवर्षी नवे लागतात, कान वाढतो. कानात ग्रोमेट (पडद्यात बसवायची बारीक नळी) बसवलेल्या प्रत्येक मुलाला प्लग हवेतच असं आता मानत नाहीत. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३च्या मार्गदर्शक सूचनांतच सरसकट प्लग आणि पोहण्याची बंदी नको असं म्हटलं. तरी तळ्यात-नदीत पोहणं आणि खोल बुडी मारणं याबद्दल आपल्या सर्जनचं ऐका. पडद्याला छिद्र असलेल्यांनी गोळ्या-चकत्यांचे प्रयोग स्वतःहून करू नयेत, डॉक्टरांच्या परवानगीनं मापाचेच घ्यावेत.

विहिरीत मुटका मारणाऱ्यांनी आणि तळाशी बुडी घेणाऱ्यांनी बंद प्लग लावायचाच नाही. तीन मीटर खोलीवर दाब सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. प्लग आणि पडदा यांच्यामध्ये कोंडलेली हवा बाहेरच्या दाबाशी जुळवून घेऊ शकत नाही, त्यामुळे एकतर प्लग आत खेचला जातो किंवा पडदा बाहेर ताणला जातो. पृष्ठभागावर लॅप मारणाऱ्याला ही अडचण येत नाही.

मधुमेह असलेल्यांनी कानदुखी अंगावर काढू नये. रात्री झोपमोड करणारा ठणका, कान वाहणं, कानापुढची उंचवटी दाबल्यावर कळ येणं, यातलं काहीही असेल तर प्लग लावून पोहायला न जाता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मधुमेहात बाहेरच्या कानाचा साधा वाटणारा संसर्ग हाडापर्यंत पोचू शकतो.

तुम्हाला उजव्या कानात अजून खाज किंवा ओल असेल तर दोन आठवड्यांची मोजणी आजपासून धरू नका. आधी कान तपासून पूर्ण कोरडा आहे हे कळू द्या, मग गोळी लावून सुरू करा. बाहेर आल्यावर दर वेळी टिश्यूचा कोपरा फक्त कानाच्या तोंडाशी टेकवून बघा, कोरडा की ओला, आणि डावा-उजवा वेगळा लिहून ठेवा. साचा घ्यायची वेळ आलीच तर तो कागद सोबत न्या. कोणत्या कानात, किती लेंथनंतर पाणी गेलं हे कळलं तर प्लग वाटीत जाड ठेवायचा की नळीत थोडा लांब, ते ठरवता येतं.